बादलीतलं गुप्तधन

कोडी सोडवण्यात माझा हात धरणारं आमच्या शाळेत कुणी नव्हतं. हे मी आज म्हातारपणीही छाती पुढे काढूनच सांगते. नम्रपणा मला कधी जमला नाही, आणि या बाबतीत तर तो मला जमवायचाही नाही.

विद्या आईची. रोहण्याजवळच्या आमच्या गावात बाया कापूस वेचता वेचता एकमेकींना कोडी घालायच्या. जिला उत्तर येत नसे तिच्या ओटीत, म्हणजे कमरेला बांधलेल्या झोळीत, जिंकणारीनं हात घालायचा आणि मूठभर कापूस काढून घ्यायचा, असा रिवाज होता. बाई कोणत्या का जातीची असेना, वावरात त्या हाताला हरकत नसे. माझी आई रोज सगळ्यांच्या मुठी लुटून घरी यायची.

आम्ही बौद्ध झालो त्याच्या पुढच्या हिवाळ्यात वर्ध्याहून नवे गुरुजी आले. त्यांनी गुप्तधनाचा खेळ काढला. चिठ्ठीतलं कोडं सोडवायचं, उत्तर असेल तिथं धावायचं, तिथं पुढची चिठ्ठी, आणि शेवटी धन. ज्याचा हात आधी पोचेल, धन त्याचं. ते माझंच, हे मी सकाळी वेणी घालतानाच ठरवून टाकलं होतं.

पहिलं कोडं गुरुजींनी पटांगणात वाचलं, "लेक पांढरी, गाडीत बसून गेली. आई उभी होती, ती चुलीत गेली." सगळी पोरं कापसाच्या गाड्यांकडे पळाली. अरे, गाडीत गेली ती लेक, आईचं काय? मी शाळेमागच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांच्या, ढिगाकडे गेले. कापूस विकतात आणि पऱ्हाटी जाळतात, एवढं तरी कळायला हवं माणसाला. चिठ्ठी काड्यांतच खोचलेली होती.

"उपाशी खाली जाते, पोट भरून वर येते, येताना रडत येते."

वाचून संपायच्या आत मला कळलं. विहिरीवरची बादली! मी पळत सुटले आणि विहिरीजवळ येऊन पाय थांबले. गावाच्या त्या विहिरीवर आम्हाला चढू देत नसत. आमच्या बायांनी घागर घेऊन लांबच्या नाल्यावर जायचं आणि तिथलं पाणी भरायचं. गुरुजी नवे, हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. बादली काठावर होती आणि तिच्यातली पुरचुंडी मला खालून दिसत होती. मागून पोरांचा गलका जवळ येत होता. कुणाला काढून द्यायला सांगितलं असतं तर धन त्याचं झालं असतं. मी पायऱ्या चढले.

"ए पोरी, बादलीले हात नोको लावू!" पाणी भरणारी एक काकी ओरडली. ती आईच्याच सोबत वेचायला जायची.

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "काकी, वावरात माही माय रोज तुह्या ओटीत हात घालते, तवा काऊन नाई बोलत?"

बाकीच्या बाया फिसकन हसल्या, कारण आईपुढे सगळ्यात जास्त हरायची ती हीच. मग काकीनं आपली घागर बाजूला सरकवली.

मी पुरचुंडी उचलली. आत फुटाणे आणि रेवड्या होत्या. पण बादली हातात होतीच. बाटायची ती बाटली, म्हटलं, आता अर्ध्यावर कशाला सोडा? मी ती विहिरीत सोडली, भरून ओढली आणि सगळ्यांच्या देखत ओंजळीनं पोटभर पाणी प्यायले. धापा टाकत आलेले गुरुजी टाळ्या वाजवत होते. का वाजवतोय हे त्यांना धड ठाऊक नसावं.

संध्याकाळी पुरचुंडी परकराच्या ओटीत रिकामी करून मी आईला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसून ऐकत होती.

"पानी गोड व्हतं काय व?" तिनं विचारलं.

"नाई. आपल्या नाल्यासारखंच."

"मंग इतके दिवस झाकून काऊन ठेवलं व्हतं त्याईनं?"

मला उत्तर आलं नाही. आई हसली, आणि तिनं माझ्या ओटीत हात घालून मूठभर फुटाणे काढून घेतले.