शिपाई हरेश्वर कोळी यांच्यावरील शेरा रद्द होणेबाबत

मयत: शिपाई हरेश्वर कोळी, राहणार मढ. घटना: सन १९८३, एप्रिल महिना, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटे. ठिकाण: मुलुंडच्या पश्चिमेस, डोंगराकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर, खाणीजवळील वळण. साक्षीदार: ड्रायव्हर बबन शेलार, हल्ली राहणार घाटकोपर. अर्जदार: निवृत्त नायक दत्ताराम परब, अर्जलेखक, अंधेरी. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो इसम: सदर अर्जदार स्वतः.

अर्जदाराचे शिक्षण इयत्ता सातवीपर्यंत झाले आहे. तथापि अंधेरीच्या कचेरीसमोर बसून मी लिहिलेला एकही अर्ज भाषेच्या चुकीमुळे परत आलेला नाही, हे प्रथम नमूद करतो. अधिकारी महोदयांस फौजेचे काम ठाऊक आहे. पुढील हकिगत मुलकी वाचकांसही समजावी अशा रीतीने लिहिली आहे.

आमचा कॅम्प डोंगराच्या पायथ्याशी होता. उन्हाळ्यात गवत पेटे. ते विझविण्यास पाणी मिळत नसे. आग जिथे पोहोचणार, तिथले गवत आधीच कापून आणि माती उघडी करून आम्ही पट्टा काढीत असू. त्यास जाळरेषा म्हणतात. हत्यारे तीन: कोयता, फावडे, कुदळ. दोन जवानांत दोन हातांचे अंतर. चढावर हत्यार उताराच्या बाजूच्या हातात, म्हणजे पाय घसरला तर माणूस धारेवर पडत नाही. हे सर्व मी स्वतः शिकवीत असे आणि चांगले शिकवीत असे.

वाहतुकीचा नियमही होता. कोयत्यांच्या धारेवर गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधायचे आणि हत्यारे वेगळ्या गाडीत न्यायची. आदल्या आठवड्यात एका आगीवर सुतळीच्या गाठी सुटेनात. सुभेदार साहेबांनी मला सर्वांसमक्ष झापले. "परब, आग थांबते काय तुझ्या गाठींसाठी?" ते बोलणे मी विसरलो नव्हतो.

घटनेच्या दिवशी सव्वाअकरा वाजता टेकडीवरून वायरलेस आला. "धूर दक्षिणेला. वारा पाड्याकडे. ओव्हर." पाड्यावर गवताने शाकारलेल्या झोपड्या होत्या. सुभेदार साहेब म्हणाले, "परब, बारा माणसे. दहा मिनिटांत गाडी बाहेर."

"जी साहेब."

लहान गाडी रेशन आणण्यास गेली होती. सबब हत्यारे जवानांच्याच थ्री टनर ट्रकमध्ये, केबिनच्या मागे रचली. गाडी गेटबाहेर पडताच मी हुकूम दिला, "सुतळ्या कापा. गोणपाट काढा. उतरल्याबरोबर काम सुरू झाले पाहिजे."

हरेश्वर माझ्यासमोर बाकावर होता. तो म्हणाला, "उस्ताद, आमी होरीत उघरं पातं ठेवत नाय."

"ही होडी नाही रे. थ्री टनर आहे. बुडत नाही."

"बुडत नाय. पन शेलार चालवतो ना!"

सगळे हसले. केबिनमधून शेलार ओरडला, "ए कोळ्या, उतरून चालत ये मग!"

मीही हसलो. हुकूम मात्र मागे घेतला नाही. सुतळ्या कापल्या गेल्या. गाडी खड्ड्यात आपटू लागली तशी हत्यारे बाकांकडे सरकू लागली. तेव्हा हरेश्वर बाकावरून उठला, पडलेले गोणपाट त्याने पात्यांवर ओढले आणि पाय बाकाला टेकवून, ढिगाला पाठ लावून तो खाली बसला. मी त्यास जागेवर जाण्यास सांगितले नाही. तो कशासाठी बसला हे मला दिसत होते.

खाणीजवळ रस्त्यावर धूर आला होता. त्यातून भारा घेतलेली एक बाई एकदम पुढे आली. शेलारने गाडी उजवीकडे वळवून करकचून ब्रेक दाबला. बाई वाचली. सगळा ढीग केबिनवर आपटून मागे हरेश्वरच्या अंगावर उसळला. एक कोयता त्याच्या डाव्या बगलेखाली गेला. बाकावरील अकरा जणांपैकी कोणास खरचटलेही नाही.

तो शुद्धीवर होता. म्हणाला, "उस्ताद, तुमी जावा. पाडा पेटल."

दोन जवानांसह त्यास त्याच गाडीतून इस्पितळात पाठविले. उरलेले आम्ही नऊ जण हत्यारे घेऊन पायी वर गेलो. तो कोयता मी गवताने पुसला आणि स्वतः चालविला. कोयते मोजकेच होते. दीड वाजेपर्यंत जाळरेषा पूर्ण झाली. पाडा वाचला. दोन वाजता वायरलेसवर निरोप आला की शिपाई कोळी इस्पितळाच्या वाटेवरच वारला.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. अधिकाऱ्यांनी विचारले, "हत्यारे बांधलेली होती काय?"

मी म्हणालो, "जी साहेब. बांधलेली होती. धक्क्याने सुटली."

"मग हा जवान जागा सोडून खाली का बसला?"

"माहीत नाही, साहेब."

बाकीच्यांना कोणी विचारले नाही. नायकाचा जबाब पुरेसा धरला गेला. अहवालात शेरा पडला की मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला. दरवर्षी कॅम्पात कर्तव्यावर मेलेल्यांची नावे वाचली जात. त्यांत हरेश्वरचे नाव आले नाही. मी तीन वर्षे रांगेत उभा राहून ती नावे ऐकली आणि निवृत्त झालो.

गेल्या महिन्यात त्याची आई, श्रीमती हिराबाई, माझ्या टेबलाशी आल्या. अहवालाचा इंग्रजी कागद त्यांच्याकडे होता. त्या मला ओळखत नव्हत्या. म्हणाल्या, "वाचनारा बोलला, पोर बेपर्वा व्हता म्हनून मेला. माजा पोर तसा नव्हता. तवरा लिवा."

मी म्हणालो, "आई, मी त्याचा उस्ताद होतो. पाती उघडी करण्याचा हुकूम माझा होता. चौकशीत मी खोटे बोललो."

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. म्हणाल्या, "मंग तूच लिव."

सबब विनंती की, चौकशीतील माझा जबाब खोटा धरून रद्द करावा. शिपाई कोळी हा साथीदारांच्या रक्षणार्थ ढिगापुढे बसला होता, असे नमूद करावे. त्याचे नाव यंदापासून कॅम्पात वाचावे. मला जी शिक्षा असेल ती मान्य आहे. साक्षीदार शेलार यांनी खरे सांगण्याचे कबूल केले आहे.

उत्तर माझ्या पत्त्यावर पाठवू नये. ते श्रीमती हिराबाई कोळी, मढ, यांच्या नावे पाठवावे. ते मराठीत असावे. त्यांची नात मराठी वाचते. त्यांना कोणा लेखनिकाकडे जावे लागणार नाही.

आपला आज्ञाधारक,
दत्ताराम परब, निवृत्त नायक