मुठ्याचा रंधा

समोर सगळे त्याला दादा म्हणत. पाठीमागे मुठ्या. ते नाव मीच ठेवलं होतं आणि त्याला ते माहीत होतं.

लाकूडकामाच्या कारखान्यात आमची टेबलं शेजारी शेजारी होती. दरवाजे, कपाटं, बाकं, असं काम. मुठ्या आपलं हत्यार कोणाच्या हातात देत नसे. पटाशी नाही, करवत नाही, कानावरची पेन्सिलसुद्धा नाही. मागायला गेलं की म्हणायचा, "देवाने तुला हात दिलेत. हत्यार तू घे."

रंध्याला तर तो बोट लावू देत नसे. वडिलांनी केलेला रंधा, काळ्या जड लाकडाचा. दोघांच्या घामाने मूठ गुळगुळीत झालेली, बोटांच्या जागी खळगे पडलेले. काम सुटलं की मुठ्या पातं तेलाच्या फडक्याने पुसायचा, रंधा जुन्या शर्टात गुंडाळायचा आणि काखेत मारून घरी न्यायचा. रविवारी उपासनेलाही ते गाठोडं बरोबर. बायको वारल्यापासून घरात कोणी नव्हतं, मूलबाळ नव्हतं, आणि रंधा एकटा ठेवायला त्याचा जीव धजत नसे. गाणं सुरू झालं की सगळी मंडळी टाळ्या वाजवी. मुठ्या एका हाताने मांडीवर ताल धरी. दुसरा हात गाठोड्यावर.

पाळक एकदा म्हणाले, "दादा, इथे प्रभूच्या घरात तुमचा रंधा कोण पळवणार?"

मुठ्या वळला. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. मंडळी हसली.

हसण्यासारखंच होतं, कारण खरं होतं. त्या रंध्यावर माझा डोळा होता. मुठ्याने फळीवरून तो सरकवला की वर पापुद्रा निघायचा, असा पातळ की छापील कागदावर ठेवला तर खालचं अक्षर वाचता यावं. माझ्या रंध्याचा पापुद्रा जाड. धार मीही तशीच लावत होतो, जोरही तेवढाच. तेव्हा फरक हत्याराचा, असं मी धरून चाललो. मालकाने मुठ्याच्या दरवाजावरून हात फिरवला आणि "वा" म्हटलं की माझं जेवण त्या दिवशी नीट जात नसे.

बायको म्हणायची, "त्या रंध्याकडे बघता तसं माझ्याकडे बघितलं असतं, तर मी म्हातारी झालेच नसते."

पुढे वय झालं आणि आम्ही दोघे कामावरून निवृत्त झालो. मुठ्याचं मनगट गेलं होतं. रंधा दाबायची ताकद राहिली नाही, तरी रोज सकाळी तो पातं पुसायचा, तेल लावायचा आणि परत गुंडाळून ठेवायचा. मी मनाशी हिशेब मांडला. याच्यामागे कोणी नाही. शेजारच्या टेबलावर आयुष्य मी काढलं. रंध्याची किंमत मला कळते. तो माझ्याकडेच येणार. मी घरातल्या कपाटाचा एक कप्पा रिकामा केला, पुसला, खाली कापड अंथरलं.

"पाहुणा येणार वाटतं," बायको म्हणाली.

"असू दे."

"लाकडाचा आहे का?"

मग तो रविवार आला. पाळक शिष्यत्वावर बोलत होते. प्रभूने बोलावलं तेव्हा ते कोळी जाळी जागच्या जागी टाकून त्याच्या मागे गेले, मागे वळूनही बघितलं नाही, ज्याला मागे जायचंय त्याने हात रिकामे करावेत, असं काहीसं. माणसं माना हलवत होती. मुठ्या उठून उभा राहिला.

"जाळी ओली होती का?"

पाळक थांबले. "काय?"

"जाळी. ओली टाकून गेले असतील तर कुजली असतील. चांगलं हत्यार कुजवून कसला शिष्य होतो माणूस?"

मागून कोणीतरी फसकन हसलं. पाळक मात्र हसले नाहीत. त्यांनी पान उलटून बघितलं आणि म्हणाले, "त्यातल्या दोघांचे वडील होडीतच होते, दादा. गडीमाणसंही होती."

"म्हणजे ज्यांना मासे धरायचे होते त्यांच्याकडे राहिली."

"तसंच म्हणायचं."

"मग ठीक," मुठ्या म्हणाला आणि बसला. त्या दिवशी पुढच्या गाण्याला त्याने ताल धरला नाही.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर अंगणात त्याने गाठोडं सोडलं. मी दोन पावलं पुढे झालो. खोटं कशाला लिहू, हात पुसून पुढे झालो. मुठ्या माझ्या शेजारून पुढे गेला आणि रंधा डावऱ्याच्या हातात दिला.

डावऱ्या म्हणजे आमच्या कारखान्यातलं तिसरं टेबल. डावखुरा, आमच्याहून लहान, घाईचा. लाकडाच्या रेषेविरुद्ध रंधा मारणारा. त्याची फळी उंदराने कुरतडल्यासारखी दिसायची. मंडळीच्या नव्या खोलीसाठी बाकं करायचं काम तेव्हा त्याच्याकडे होतं आणि त्याच्या रंध्याला तडा गेला होता. रंधा घेऊन तो शर्टासाठी हात पुढे करू लागला. मुठ्याने शर्ट स्वतःकडेच ठेवला.

"गुंडाळू नकोस," म्हणाला. "वापर."

मी जेवलो नाही. बायकोने ताट झाकून ठेवलं आणि एकही टोमणा मारला नाही, यावरून माझं तोंड कसं झालं असेल ते समजावं.

दुसऱ्या दिवशी मी मुठ्याच्या घरी गेलो. तो खिडकीशी बसला होता. तो जुना शर्ट त्याने धुऊन अंगात घातला होता.

"दादा, डावऱ्याला दिलास?"

"दिला."

"तो वाट लावेल त्याची."

"लावेल."

"त्याला रंध्यातलं काय कळतं?"

"काही नाही. पण त्याच्याकडे काम आहे."

"आणि मी?"

मुठ्याने माझ्याकडे सावकाश बघितलं. "तुला दिला असता तर काय केलं असतंस?"

मला घरचं कपाट आठवलं. तो कप्पा, ते अंथरलेलं कापड. त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

"माझ्या मुठीतून तुझ्या मुठीत गेला असता," तो म्हणाला. "त्याला सोडणं म्हणत नाहीत. ती बदली झाली."

"तुला बरं वाटतंय का आता?"

"सकाळी उठलो की तेलाचं फडकं शोधतो. मग आठवतं. मग हसू येतं." त्याने मनगट चोळलं. "इतकी वर्षं प्रभूला म्हणत होतो, सगळं तुझं आहे. आणि एक हात गाठोड्यावर. त्याला काय दिसत नव्हतं होय रे?"

तो हसला. मला हसू आलं नाही.

आठवडाभराने मुठ्याच मला डावऱ्याकडे घेऊन गेला. बाकं होत आली होती. रंधा ढलप्यांच्या ढिगात उघडा पडला होता, कडेला एक टवका उडालेला. मी उचलला आणि उलटून बघितला. डावऱ्याने कानस घेऊन मूठ दुसऱ्या अंगाने घासली होती. जुने खळगे गेले होते. नवे कोरले होते, डाव्या बोटांचे.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी मुठ्याकडे बघितलं. आता तरी तो चिडेल.

"बसली का हातात?" त्याने डावऱ्याला विचारलं.

"आता बसली, दादा. आधी बोटं सोलून निघत होती."

"मग आधीच घासायची होतीस." आणि मला म्हणाला, "शेवटची फळी तू मार. तुझी हौस आहे."

मी फळी लावली. पाय रोवला, रंधा धरला, सरकवला. मूठ तळहातात रुतली. पुन्हा धरला, बोटं बदलली. फळीवर रंधा थडथडत गेला आणि पापुद्रा तुटक निघाला, जाड. आयुष्यभर मागितलेली वस्तू हातात होती आणि हाताला चालत नव्हती.

"दे त्याला," मुठ्या हळूच म्हणाला.

मी दिला. डावऱ्याने रेषा बघून फळी फिरवली, जे तो पूर्वी कधी करत नसे, आणि कामाला लागला.

आता त्या बाकांवरच आम्ही बसतो. काम ठीक आहे. दोन जागी रंधा उडून खाच पडलीय, ती मला बोटाने सापडते. मुठ्या माझ्या पुढच्या बाकावर असतो, त्याच शर्टात. गाणं सुरू झालं की दोन्ही हातांनी टाळ्या वाजवतो, दुखऱ्या मनगटाने, ताल चुकवत, लहान पोरासारखा. रंध्याचा हेवा मला आता वाटत नाही. त्या दोन हातांचा वाटतो, आणि तो जास्त टोचतो, कारण ते हात मला कोणी नाकारलेले नाहीत.

माझी हत्यारांची पेटी घरी आहे. कुलूप आहे. किल्ली खिशात असते, आणि गाण्याच्या वेळी माझा एक हात तिच्यावर असतो.

परवा बायकोने तो हात बघितला. खिशाकडे बोट दाखवून म्हणाली, "अहो, मुठ्या."