नोंद नसलेली तीन पत्रं

सरिता राठोड गेल्याची बातमी आमच्या ऑफिसचे शिपाई गजाननभाऊ यांनी फोनवर सांगितली, तेव्हा मी वाशीमच्या बाजारात भाजी घेत होतो. चौतिशीची पोरगी, चार दिवसांचा ताप, आणि अकोल्याला नेताना वाटेतच संपली. एवढं सांगून गजाननभाऊ म्हणाले, "बडेबाबू, आता तरी बोला." या गोष्टीला सव्वा महिना झाला. आज बोलतोय. अशा लेखात गेलेल्या माणसाबद्दल चार गोड शब्द लिहायचे आणि डोळे पुसायचे असा रिवाज आहे, ते मला ठाऊक आहे. मला ते जमणार नाही. मला राग आलेला आहे, आणि त्यातला सगळ्यात मोठा राग माझा माझ्यावरच आहे.

मी मूळचा रिठदचा. जिल्ह्यातल्या एका ऑफिसात मुख्य लिपिक आहे, म्हणून सगळे बडेबाबू म्हणतात. सरिता आमच्याकडे आठ-नऊ वर्षांपूर्वी कंत्राटावर संगणक चालक म्हणून आली. मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरची. आईबाप दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि ही वसतिगृहात राहून शिकायची. आल्या आल्या ती एक वही घेऊन टेबलाटेबलाशी फिरली. प्रत्येक मशीनचं काय दुखतंय ते तिनं लिहून घेतलं. आम्हाला गंमत वाटली. आमच्या लेखी कॉम्प्युटर सुरू होतोय म्हणजे तो धडधाकट होता. व्हायरसपासून राखण करणारं सॉफ्टवेअर केव्हाच मुदत संपून पडलेलं, आणि अपडेटचा निरोप पडद्यावर आला की आम्ही सगळे 'नंतर' हे बटण दाबून मोकळे व्हायचो. खंडेनवमीला मात्र हार घालून साग्रसंगीत पूजा. एकदा कुंकू आतल्या पंख्यात गेलं, तेव्हा ती मला म्हणाली की पूजेला तिची ना नाही, पण देवाला औषधही वेळेवर द्यावं.

तिला एक कोडं मात्र सुटेना. संध्याकाळी जाताना ती स्वतः सगळ्या मशीनवर अपडेट सुरू करून जायची आणि सकाळी येऊन पाहावं तर एकही पूर्ण झालेलं नाही, उलट दोन मशीन सुरूच होत नाहीत. आठवडाभर तिनं डोकं खाजवलं. शेवटी एक दिवस उशिरापर्यंत बसली आणि चोर सापडला. पावणेसहा वाजले, गजाननभाऊ उठले, त्यांनी खिडक्या लावल्या आणि इमानेइतबारे भिंतीवरचा मेन स्विच खाली ओढला. ऑफिस सोडताना वीज बंद करावी, असं परिपत्रकच होतं. भाऊंनी वीस वर्षांत एकदाही चूक केली नव्हती आणि म्हणूनच आमची मशीनं अर्धवट औषधावर जगत होती. दुसरी कोणी असती तर भाऊंना चारचौघांत झापलं असतं. हिनं त्यांना बाजूला बसवून समजावलं आणि दुसऱ्या दिवशी जाहीर केलं की यापुढे दर शुक्रवारी चार वाजता सगळ्यांनी हात वर करायचे. काम बंद, अपडेट सुरू. भाऊ घरी जायच्या आत सगळं आटपलेलं असेल.

यावरून तिला कमी बोलणी बसली नाहीत. मीही तिला 'शुक्रवारची बाई' म्हणून चिडवायचो. तिनं ते कधी मनावर घेतलं नाही. बाहेरून आलेला पेनड्राइव्ह आधी खिडकीपाशी ठेवलेल्या एका जुन्या मशीनवर तपासायचा, असा तिचा दुसरा कायदा. ते मशीन बाकी कुठल्याच मशीनला जोडलेलं नव्हतं. मी पुतणीची लग्नपत्रिका छापायला आणली तर मलाही तिनं रांगेत उभं केलं. मी कुरकुरलो. ती म्हणाली, "पाव्हना घरात घ्याच्या आंधी पाय धुवाले पानी देतो ना आपन, बडेबाबू? त्यात पाव्हन्याचा अपमान कायचा?" माझ्या पेनड्राइव्हमधून मग काय काय निघालं ते मी इथं लिहीत नाही. तिचा तिसरा कायदा सगळ्यात कडक. शुक्रवारी सगळ्या कामाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यायची, वायर काढायची आणि डिस्क लोखंडी कपाटात कुलूपबंद करायची. वायर लावूनच ठेवली तर काय बिघडतं, असं मी विचारलं होतं. घराला आग लागली तर घरातलीच दुसरी खोली वाचत नाही, असं तिचं म्हणणं.

एकच मशीन तिच्या हाताबाहेर होतं. साहेबांच्या केबिनमधलं. ऐन मीटिंगमध्ये ते एकदा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झालं, तेव्हापासून साहेबांचा हुकूम होता की आपल्या मशीनला कोणी हात लावायचा नाही. सरितानं तोंडी सांगून पाहिलं. मग लेखी दिलं. एकदा नाही, तीनदा. केबिनमधलं मशीन वर्षभर अपडेट झालेलं नाही, ते इतर सगळ्या मशीनना जोडलेलं आहे, तिथून काही शिरलं तर सगळं ऑफिस जाईल, तरी परवानगी मिळावी ही विनंती. तिन्ही पत्रं तिनं माझ्या हातात दिली.

आता माझा गुन्हा सांगतो. सरकारी कामाची थोडी सवय असलेल्यांना तो लगेच कळेल. आमच्याकडे आलेल्या कागदाला आधी आवक नंबर पडतो. नंबर पडला की कागद जन्माला आला. त्या पत्रांना नंबर द्यायचा म्हणजे ती साहेबांपुढे ठेवणं आलं, आणि ठेवणं म्हणजे त्यांचा पारा चढणं. मी म्हटलं, साहेबांचा मूड बघून ठेवू. पत्रं माझ्या ड्रॉवरमध्ये गेली, तळाच्या वर्तमानपत्राखाली. तिनं पोच मागितली, तेव्हा मी हसून म्हणालो होतो, घरातल्या घरात पोच कसली मागतेस? आणि तिनं माझ्यावर विश्वास ठेवला.

एका सोमवारी सकाळी आम्ही कॉम्प्युटर सुरू केले आणि एकही फाइल उघडेना. प्रत्येक पडद्यावर इंग्रजीत एकच धमकी. तुमच्या फाइली आम्ही कुलूपबंद केल्या आहेत, सोडवायच्या असतील तर खंडणी द्या. साहेबांच्या कपाळावरचा घाम मी पहिल्यांदा पाहिला. सरितानं मात्र आधी सगळ्या वायरी उपटल्या आणि मग लोखंडी कपाट उघडलं. पुढचे नऊ दिवस ती सकाळी सर्वांच्या आधी यायची आणि सर्वांच्या शेवटी जायची. एकेक मशीन पुसून कोरं केलं, डिस्कमधून सगळं परत आणलं. मागच्या शुक्रवारपर्यंतचा एकही कागद गेला नाही. कोणाला दमडी द्यावी लागली नाही. नागपूरहून तपासायला आलेल्या माणसानं माझ्यासमोर सांगितलं, शिरकाव केबिनच्या मशीनमधून झाला, कोणीतरी ईमेलमधलं खोटं बिल उघडलं. ते कोणीतरी कोण, हे सगळ्यांना माहीत होतं.

तरी चौकशी बसली ती सरितावर. कायम नोकरीतल्या माणसाच्या अंगाला माती लागत नाही, कंत्राटी माणूस असतोच त्यासाठी. चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं, धोका होता तर लेखी का कळवलं नाही? ती म्हणाली, कळवलं, तीनदा, बडेबाबूंना विचारा. अधिकाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. साहेबही माझ्याकडे पाहत होते. आवक रजिस्टर माझ्यापुढे उघडं होतं. मी पानं उलटली, जणू काही खरंच शोधतोय, आणि म्हणालो, "नोंद नाही."

शब्दाला शब्द खरा होता. याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललो नाही.

अहवालात आलं, संगणक चालकाचा निष्काळजीपणा. तिचं कंत्राट संपवलं. टेबल आवरून जाताना ती माझ्यापाशी थांबली. शिव्या घालेल असं वाटलं होतं, घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "नोंद नाही म्हनले तुमी. कागद नाई असं नाई म्हनले. म्हंजे हायेत अजून." ती गेली.

पुढं तिनं मानोऱ्यात एक लहानसं दुकान टाकलं, फॉर्म भरून देणं आणि कॉम्प्युटर दुरुस्ती. एका शाळेनं तिला कामावर घेता घेता नाकारलं, कारण तोवर अहवालाची हकीकत तिथं पोचली होती. तांड्यावर तर त्याचं पार काहीच्या काही झालं होतं. शिकून सवरून सरकारी रेकॉर्ड बुडवून आली म्हणे. गेल्या पावसाळ्यात मी तिच्या दुकानात गेलो होतो, माझा लॅपटॉप चालत नाही हे निमित्त. तिनं चहा सांगितला, लॅपटॉप घेतला, तपासला, सगळे राहिलेले अपडेट केले. तासभर आम्ही पाऊसपाण्याचं बोललो. निघताना तिनं एवढंच विचारलं, "कागद हायेत?" मी हो म्हणालो. "फाडू नका," ती म्हणाली. मी त्यानंतरही काही केलं नाही... निवृत्ती होऊ दे, मग बघू, असं मनाशी ठरवलं होतं. माझं 'नंतर'चं बटण.

ती गेल्यावर आठव्या दिवशी मी माझा जबाब लिहिला, तिची तिन्ही पत्रं जोडली आणि स्वतः आवक टेबलावर जाऊन उभा राहिलो. नंबर पाडून घेतला, पोच घेतली. ते साहेब बदलून गेलेत. नव्या साहेबांनी मला आत बोलावून चांगल्या शब्दांत समजावलं. आता बाई राहिल्या नाहीत, तुमच्या निवृत्तीला सात महिने आहेत, चौकशी तुमच्यावरच उलटेल, अर्ज मागे घ्या. मी म्हणालो, उलटू द्या. एका गेलेल्या बाईचं नाव साफ करून कोणाचा फायदा, असं त्यांनी विचारलं. मी त्यांना सांगितलं की ज्यांचा तोटा होईल त्यांची यादी मी जबाबात दिली आहे, पहिलं नाव माझंच आहे. त्यानंतर ऑफिसात माझ्याशी कोणी फारसं बोलत नाही. नाही बोलले तर नाही बोलले. ज्या मशीनवर बसून त्यांनी अहवाल टाइप केला, ते मशीन तिनंच जिवंत केलं होतं, हे मी प्रत्येकाला तोंडावर सांगणार आहे.

पोचेची झेरॉक्स घेऊन मी तांड्यावर गेलो. सरिताची आई दारात बसली होती. तिला वाचता येत नाही. मी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पत्रं कुठं होती, मी काय बोललो, सगळं. ऐकून ती म्हणाली, "ते जित्ती होती तवा काहून नाई देल्लं?"

मी भ्यालो होतो, असं म्हणालो. आत येऊन वाचून दाखवतो म्हणून मी चप्पल काढायला लागलो, तर तिनं हातानंच थांबवलं. "घरात नोको. घरातल्याले ठावं हाये माही पोरगी कशी होती. भायेर वाचा."

ती पुढे निघाली, मी मागे. तांड्याच्या मधोमध देवळाच्या ओट्यावर तिनं माणसं गोळा केली, घरोघर हाका मारून. मी उभा राहिलो आणि तिन्ही पत्रं मोठ्यानं वाचली, मग माझा जबाब वाचला, माझ्या नावासकट. म्हातारी सगळ्यांच्या तोंडाकडे एकेक करून पाहत होती. सगळ्यांकडे पाहून झाल्यावर ती माझ्याकडे वळली.

"परत वाचा," म्हणाली.

मी परत वाचलं. आज इथं, या लेखात, तुमच्यापुढे तिसऱ्यांदा वाचतोय.