घरबसल्या नोकरी

मंचरला स्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लोक आपले कागद घेऊन जातात, किस्से तेवढे माझ्याकडं राहतात. अलीकडं सगळ्यात जास्त साठलेत ते 'वर्क फ्रॉम होम'चे.

अवसरी बुद्रुकच्या शांतारामभाऊंना घरी पेनं पॅक करायचं काम 'लागलं'. त्यांनी रजिस्ट्रेशनचे पैसे भरले, ऑफर लेटरची कलर प्रिंट काढली, वर लॅमिनेशनही करून घेतलं. टेम्पो भरून पेनं येणार म्हणून नवरा-बायकोनं दोन दिवस खपून कांद्याची चाळ रिकामी केली. टेम्पो काही आला नाही आणि कंपनीचा फोन बंद. महिन्याभरानं भाऊंच्या घरच्या काकू दुकानात आल्या, तेव्हा मी हळूच विचारलं.

"पेन एक नाय आलं," त्या म्हणाल्या. "पण लग्न झाल्यापासून पयल्यांदा ह्यांनी चाळ झाडली."

पिंपळवंडीची माझी मावसबहीण मनीषा मात्र खरंच राबली. पंधरा दिवस इंग्रजी पानं टाइप केली. मग कंपनीनं चुका काढल्या, पगार राहिला बाजूला, उलट दंड मागितला. पाठोपाठ 'वकिलाचा' फोन, कोर्टात खेचू म्हणून. बिचारी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा फोन आला, तेव्हा तिनं विचारलं, "कोर्ट कुठलं? जुन्नरचं असंल तर उद्याच येते. सासूबाईंचे डोळे दाखवायला तिकडं जायचंच हाये."

त्यानंतर वकिलांचा फोन आला नाही.

आमच्या पेठेतले कापडवाले शेठ मूळचे राजस्थानचे, पण आता पक्के मंचरकर. त्यांच्या सुनेला फोनवर नोकरी मिळाली, फक्त आधी डिपॉझिट भरायचं होतं. शेठनी फोन घेतला आणि म्हणाले, पहिल्या पगारातून कापून घ्या. पलीकडून फोन कट. शेठनी फोन सुनेला परत दिला. मग मला म्हणाले, "एवढी वर्षं नोकर ठेवतोय. त्यांच्याकडूनच पैसे घ्यायचं आपल्याला कसं सुचलं नाही?"

आता घाटमाथ्यावरच्या आहुप्याची सोनाली. तिची जाहिरात मी स्वतः चार ठिकाणी पडताळली. पैसे मागत नव्हते, म्हणून तर जास्त संशय आला. पण काम खरं निघालं, मराठी ग्राहकांच्या तक्रारी ऐकायचं. इंटरव्ह्यू व्हिडिओ कॉलवर होता. घरात रेंज नाही, म्हणून आईचं लुगडं खाली अंथरून पोरगी कड्यावर जाऊन बसली. मागं अख्खं कोकण, खालून वर येणारं धुकं.

पुण्याचे साहेब चांगले होते. सगळे प्रश्न झाले, उत्तरं आवडली. शेवटी म्हणाले, आता ते पाठीमागचं खोटं चित्र बंद करा, आम्हाला तुमची खरी जागा बघायचीय.

सोनालीनं वळून मागं बघितलं.

"सर," ती म्हणाली, "ते बंद नाय व्हत."