चिंचेनं घासलेलं नाणं

नवऱ्याची नोकरी गेली आणि त्याने मेटल डिटेक्टर घेतला. लोक अशा वेळी जिम लावतात, दारू धरतात. आमचे साहेब जुनी नाणी शोधायला निघाले. तेही अमेरिकेतल्या वाळवंटी चँडलरमध्ये, जिथली जमीन दगडासारखी घट्ट आणि लोहाच्या कणांनी भरलेली. मशीन फिरवावं तिथे उगाचच किंचाळायचं. कोरड्या मातीत खोलवरच्या नाण्याचा सिग्नल धड मिळत नाही म्हणे, ओल्या मातीत साफ येतो. हे त्याने मला इतक्यांदा ऐकवलं की माझं डोकं उठलं. मग पठ्ठ्या पावसाची वाट बघत बसला.

सासूबाई तेव्हा नागपूरहून आमच्याकडे आल्या होत्या. लेक त्यांच्याशी बोलतच नव्हता. "माझं काही चुकलं का गं?" त्या मला विचारायच्या. मी काय सांगणार, कप्पाळ!

एकदाचा पाऊस झाला. एका जुन्या कापसाच्या शेतात, मालकाला विचारून, ह्याने खणलं आणि तांब्याचं नाणं सापडलं. शंभरेक वर्षांपूर्वीचं. मातीने त्यावर गर्द चॉकलेटी थर चढवला होता, आणि शौकीन लोक भाळतात ते त्या थरावरच. त्या दिवशी तो आईशेजारी बसून जेवला. सासूबाईंचा चेहरा असा खुलला की मलाच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी देवाची तांब्याची भांडी चिंच-मीठ लावून घासायला काढली. त्यांच्यासोबत नाणंही घासलं. जमिनीतून आलेली लक्ष्मी, ती मळकी कशी ठेवायची? लखलखीत करून देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वाहिलं आणि लेकाला हौसेने हाक मारली.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. नाणं हातात घेऊन "रंग गेला सगळा," एवढंच म्हणाला. सासूबाई घाबरल्या.

"परत मातीत पुरलं तर येईल का रे तो रंग?"

"येईल ना. शंभर वर्षांनी. तोवर काय इथेच राहणार आहेस?"

मग त्याने लॅपटॉप उघडून त्यांचं परतीचं तिकीट अलीकडच्या तारखेला आणलं. मी तोंड उघडलं, तर म्हणाला, "यार, तू मध्ये पडू नकोस." मला त्या माणसाची अक्षरशः किळस आली.

विमानतळावर सासूबाईंनी माझा हात धरला. "मी गेल्यावर तरी तो बोलेल ना गं माझ्याशी?"

तो शेजारीच उभा होता. ऐकलं त्याने, आणि फोनमध्ये डोकं घातलं.