पाटलांनी एका दसऱ्यात ओळखलेली कंपनी

बंदुकीच्या दुकानात माल थोडा आणि किस्से फार. गिऱ्हाईक काडतुसं घ्यायला वर्षातून दोनदा येतं, पण बाकावर बसायला रोज येतं. शिवाय ज्याच्या घरी हत्यार असतं त्याला मध्येच कुणी थांबवत नाही, त्यामुळे त्याला बोलायची सवय लागते. बालाघाटच्या अशाच एका दुकानात मी अकरा वर्षं लायसनं तपासली आणि रजिस्टर लिहिलं. ही गोष्ट घडली तेव्हा नवा मध्यप्रदेश होऊन चार-पाच वर्षं झाली होती.

दुकानात आम्ही तिघं. गल्ल्यावर शेठ, रजिस्टरवर मी आणि मागे दुरुस्तीच्या ठिय्यावर नत्थू मिस्त्री. हत्याराबद्दल खोटं बोलायचं नाही, एवढा एकच नत्थूभाऊचा नेम. बाकी बाबतीत तो आपल्यासारखाच होता.

*

कटंगीकडचे डोमाजी पाटील पिस्तूल घ्यायला आले. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, केव्हाच गेली होती, पण आवाज मालगुजारीतलाच होता. पिस्तूल विलायती कंपनीचं होतं. तिचं नाव मी सांगणार नाही, कारण बिचारीचा काही गुन्हा नव्हता.

पाटलांनी ते हातात तोललं, नळीला नाक लावून वास घेतला, बाहेर उन्हात नेऊन उलटसुलट केलं. बैल घेतानाही माणूस एवढं बघत नाही. मग नत्थूभाऊला विचारलं, चांगलं निघेल ना? तो म्हणाला, "साफ ठेवसान तं तुमच्या नातवालेही कामी येईन."

पाटलांनी यातलं फक्त नातवाचं ऐकलं!

*

दसऱ्याला पाटलांच्या अंगणात अख्खं गाव जमलं. शस्त्रपूजा झाली, आरती झाली, आणि पाटलांनी पिस्तूल आभाळाकडे धरून घोडा दाबला. आतून नुसतं 'टक्' झालं. पुन्हा दाबला, पुन्हा 'टक्'. गर्दीत कोणीतरी खुदकन हसलं, आणि खरं बिनसलं ते तिथे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं पाटील दुकानात हजर. पिस्तूल पूजेच्या लाल फडक्यातच होतं. त्यांनी ते गल्ल्यावर आपटलं आणि कंपनी लबाड आहे, चोर आहे, तिचा सगळा माल भंगार आहे असं रस्त्यावरच्या सायकलवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं.

नत्थूभाऊनं पिस्तूल उघडलं. आत तूप, चांगलं घरचं आणि गोठलेलं. तुपात हळद, हळदीत कुंकू, आणि सुई जिथून गोळीवर आपटते नेमक्या त्या फटीत अक्षतांमधला तांदळाचा एक दाणा.

"पाटील, पूजा वरून करा लागते," नत्थूभाऊ म्हणाला. "हे आतून झाली."

"आमच्या घरी तीन पिढ्यांपासून शस्त्राले तूप लागते," पाटील म्हणाले. "बापाची भरमार कधी अडली नाही."

आता भरमार म्हणजे वरून दारू ठासायची जुनी बंदूक. तिच्यात तूप काय, वरणभात घातला तरी ती उडाली असती. पण हे पाटलांना सांगणार कोण? देवाचं तूप चुकीचं म्हणण्यापेक्षा सातासमुद्रापलीकडची कंपनी चुकीची म्हणणं सगळ्यांनाच सोपं होतं.

*

शेठला तर ते फारच सोपं वाटलं. पाटलांच्या शब्दावर त्या भागातली दहा-बारा घरं आमच्याकडे यायची, आणि त्याच शब्दावर नागपूरलाही गेली असती. संध्याकाळी शेठनं नत्थूभाऊला बोलावून समजावलं, की बाबा, तूही म्हणून टाक, कंपनी खोटी आहे. तुझ्या बापाचं काय जातं?

नत्थूभाऊ म्हणाला की पूजा चुकली हे मी बोलणार नाही, पण चांगल्या हत्याराला खोटं म्हणायला मला लावू नका.

"तो सोच ले," शेठ म्हणाला. "पाटील का मुंह बंद होना चाहिए. नहीं तो तेरा ठिया बंद."

जिल्ह्यात बंदुकांचं दुसरं दुकान नव्हतं आणि नत्थूभाऊला दुसरं काम येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यानं डबा न खाताच परत नेला. मला वाईट वाटलं. पण मी रजिस्टरात मान घातली, कारण रजिस्टरवाल्याला दुसरी नोकरी तरी कुठे ठेवली होती?

*

पाटलांचा शब्द बसमध्ये चढला की जिल्हाभर फिरायचा. महिन्याभरात उकव्याचे एक मँगनीजचे ठेकेदार आले. त्यांच्याकडे त्याच कंपनीचं पिस्तूल होतं. म्हणाले, हे काढून टाकायचंय.

नत्थूभाऊनं विचारलं, कधी अडलं का? नाही. गोळी वाकडी गेली? नाही. किती वर्षं झाली? सहा.

"मंग काहून काढता?"

"सहा वर्षं चाललं ना भाऊ," ठेकेदार गंभीरपणे म्हणाले. "आता बिघडायचीच वेळ आली असंल."

*

आमच्या बाकावर एक कंपाउंडर बसायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी बंदूक हातात धरली नव्हती. पण त्या कंपनीचं पोलाद कसं पाणचट आहे, यावर ते तासभर बोलायचे. तिथल्या कारखान्यात मजूर कसे झोपा काढतात हेही सांगायचे, जणू त्यांना उठवायला हेच जात होते. एकदा न राहवून मी विचारलं, तुमच्याकडे या कंपनीचं काय आहे?

"माह्याकडं उंदराचा पिंजरा हाय," ते म्हणाले. "त्यावर नाव नाही. पण उंदीर सापडत नाही, म्हणजे त्यायचाच असंल."

*

मधल्या काळात पाटलांनी रागारागात नागपूरहून दुसऱ्या कंपनीची दुनळी आणली. निवड त्यांची स्वतःची, कुणाला न विचारता. तीन महिन्यांत ती तीनदा आमच्या ठिय्यावर आली. एकदा स्प्रिंग तुटली, एकदा घोडा सैल झाला, एकदा लाकडी दस्त्यालाच तडा गेला.

पण एवढी लाडकी बंदूक मी पाहिली नाही. तिसऱ्यांदा आली तेव्हा शेठनं भीत भीत विचारलं, ही पण खराबच निघाली का?

"खराब कायची?" पाटील उखडले. "नवी हाय. रुळून राह्यली."

शितावरून भाताची परीक्षा करतात हे ठीक. पण आपल्या चुलीवरचा भात असला तर माणूस पातेलं खरवडेपर्यंत थांबतो.

*

मी हसतो खरा, पण माझंही सांगून टाकतो. गोंदियाच्या रस्त्यावर राजेगावला बस थांबली असताना मी एकदा भजी खाल्ली आणि दोन दिवस आजारी पडलो. तेव्हापासून राजेगाव आलं की मी बसमधून खाली उतरत नाही. एकदा तिथल्या माणसाची सोयरीक भाचीसाठी आली, तर बहिणीला म्हणालो, जरा चौकशी कर, गाव बरं नाही!

*

शेठचा तगादा काही थांबेना, तेव्हा शेवटी नत्थूभाऊनंच तोड काढली. पिस्तूल सगळ्यांसमोर चालवायचं. अडलं, तर त्यानं कंपनी खोटी असं ओरडून सांगायचं आणि ठिया सोडायचा. चाललं, तर पाटलांनी चारचौघांत शब्द मागे घ्यायचा. शेठ हो म्हणाला, पाटीलही हो म्हणाले.

ठाण्यात सांगून रविवारी सकाळी आम्ही वैनगंगेच्या वाळूत गेलो. पाटलांबरोबर दहाएक माणसं होती, सगळी लायसनवाली, सगळी आमची गिऱ्हाइकं. काही पावलांवर काठाच्या दरडीला टेकवून सहा मडकी मांडली. पिस्तूल तेच, दसऱ्याचं. नत्थूभाऊनं फक्त ते धुऊन पुसून तेल दिलं होतं.

त्यानं सहा गोळ्या झाडल्या. सहाही सुटल्या. पाच मडकी फुटली आणि सहाव्याचा काठ उडाला. बगळे उडून पार दिसेनासे झाले. मला इतका आनंद झाला की मी टाळी वाजवली. माझी एकट्याचीच वाजली.

सगळे पाटलांकडे बघत होते. पाटील शांतपणे सुपारी कातरत होते.

"चालल्या सहा," ते म्हणाले. "मंग? अरे, एक नाही चालली तवाच म्या कंपनी ओळखली. सहा चालल्यानं अजून काय समजते?"

मग सगळे शेठकडे बघायला लागले. शेठनं एकदा त्या दहा माणसांकडे पाहिलं, एकदा मडक्यांकडे.

"पाटील का कहना भी गलत नहीं है," तो म्हणाला.

नत्थूभाऊनं माझ्याकडेही पाहिलं. मी पुढे जाऊन, वाकून खापऱ्या गोळा करायला लागलो होतो. खापऱ्या कुणाला हव्या होत्या? त्या वाकण्याची लाज मला अजून वाटते.

नत्थूभाऊनं पिस्तूल पुसलं आणि ते दोन्ही हातांनी पाटलांना दिलं. मग खिशातून ठिय्यावरच्या पेटीची किल्ली काढून शेठच्या हातावर ठेवली.

"पाटील बराबर बोलून राह्यले, शेठजी," तो म्हणाला. "एकाच खेपेत समजते. आज मलेही दुकान समजलं."