सलालाच्या पावसात भाऊ लिमये

सलालाच्या विमानतळाबाहेर भाऊ लिमये उभे होते आणि त्यांच्या नव्याकोऱ्या उन्हाळी टोपीवरून पाणी ओघळत होतं. डोळ्यांवर काळा गॉगल. समोर हिरवागार डोंगर, डोंगरावर धुकं, रस्त्याकडेला नारळीची झाडं आणि या सगळ्यावर बारीक, चिवट रिपरिप.

भाऊंनी गॉगल काढला, पुसला, परत लावला. मग माझ्याकडे वळले.

"मेधा, कुठे आणलंस गो आम्हाला? हे तर आपल्या रत्नागिरीजवळचं भाट्ये!"

त्यांच्यामागे आमच्या ग्रुपची बाकीची माणसं सामान घेऊन उभी होती. सगळी रत्नागिरीची, सगळी कोरड्या हवेचे कपडे घालून आलेली. मी टूर मॅनेजर होते. म्हणजे सामान मोजायचं, पासपोर्ट सांभाळायचे आणि शिव्या खायच्या. पहिली दोन कामं व्यवस्थित झाली होती.

आमचं ऑफिस रत्नागिरीत एसटी स्टँडजवळ. धंदा मुख्यतः गल्फच्या तिकिटांचा. दाभोळपासून इकडची माणसं नोकरीसाठी मस्कत, कुवेत, दुबईला जायची. त्यांची तिकिटं आम्ही काढायचो. मला मात्र हॉलिडे डेस्क हवं होतं. हॉलिडे डेस्क म्हणजे नोकरीसाठी नाही, तर मजेसाठी जाणाऱ्यांची व्यवस्था बघणारं टेबल. आमचे मालक जोगसाहेब म्हणायचे, "रत्नागिरीचा माणूस मजेसाठी खेडपर्यंतसुद्धा जात नाही. कुणाचं लग्न असेल तर जातो, आणि तेही कुरकुरत."

अशात एक दिवस भाऊ लिमये आले. आंब्याची मोठी बाग, तेवढाच मोठा आवाज. सोबत सुमनकाकू, म्हणजे त्यांची बायको. भाऊंचे साडू नुकतेच सिंगापूर बघून आले होते आणि मुंजीला, बारशाला, एका श्राद्धालासुद्धा फोटोंचा अल्बम घेऊन हिंडत होते. हे भाऊंना सहन होण्यासारखं नव्हतं.

"आपल्या गावातलं कुत्रंसुद्धा गेलेलं नसेल, अशी जागा काढ," भाऊ म्हणाले. "साडूने नाव ऐकलेलं असता कामा नये. विमानात मी फार वेळ बसणार नाही. आणि आंबा आटपल्याशिवाय मला हलता येत नाही. तेव्हा जुलै."

मी काकूंना विचारलं, "काकू, तुम्हाला काय बघायला आवडेल?"

"तिला काही नाही, कुठेही चालतं," भाऊंनी उत्तर दिलं. काकू पर्सचा बंद कुरवाळत बसल्या होत्या.

जुलैत जवळ काय आहे, यावर मी डोकं खाजवत असताना हुसेनभाई परतीचं तिकीट घ्यायला आले. हे दाभोळचे, मस्कतला ट्रेलर चालवायचे.

"मॅडम, सलाला द्या त्यांना," ते म्हणाले. "ओमानच्या पार खालच्या टोकाला. जुलैत आमी मस्कतला भाजून निघतो, आनी तिथं बघाल तर जन्नत! हिरवंगार, थंडगार, धबधबे. दुबईचे शेख लोक गाड्या काढून येतात. थोडी रिमझिम असते, बस."

आमच्या धंद्यात एक रिवाज आहे, त्याला फॅम ट्रिप म्हणतात. ठिकाण विकण्याआधी एजंटाने स्वतः जाऊन बघून यायचं. जोगसाहेबांनी माझी फॅम ट्रिप हुसेनभाईंच्या तोंडूनच उरकली. वर म्हणाले, "मेधाताई, सलाला जमली तर हॉलिडे डेस्क तुमचं. नाही जमली तर तुम्ही आणि गल्फची तिकिटं. परत हा विषय काढायचा नाही."

ब्रोशर मागवलं. त्यात हिरवे डोंगर होते, धुकं होतं. मी भाऊंना स्पष्ट सांगितलं, "भाऊ, तिथे रिमझिम असते."

"अरबस्तानात रिमझिम!" भाऊ खो खो हसले. "अगो, पाच थेंब पडले की त्यांना पूर आल्यागत वाटत असेल. आणि हे फोटो केरळचे आहेत. छापताना कुणी खरं छापतं काय? माझ्या पेटीवरचा आंबा बघितलास? तेवढा आंबा माझ्या आज्यानेसुद्धा बघितलेला नाही!"

भाऊंनी गावभर सांगितलं, वाळवंटात चाललोय. त्यांच्या भरवशावर आणखी चार जोडपी तयार झाली.

तर असे आम्ही सलालात पोचलो. आमचा ग्राउंड हँडलर, म्हणजे तिथली गाडी आणि हॉटेल सांभाळणारा स्थानिक माणूस, हात पसरून आनंदाने म्हणाला, "वेलकम! यू आर व्हेरी लकी. फुल रेन!"

पहिला दिवस मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. धबधबा दाखवला. "आमच्या परसात याच्यापेक्षा मोठा आहे." केळीच्या बागा दाखवल्या. "बरं मग?" रस्त्यावर शहाळ्यांची दुकानं लागली तेव्हा भाऊ उतरले आणि शहाळं कधी उतरवावं यावर दुकानदाराला मराठीतून व्याख्यान दिलं. दुकानदार केरळचा. त्याने मल्याळममधून उलट व्याख्यान दिलं. दोघांनाही एकमेकांचं सगळं समजलं असावं, कारण भांडण चांगलं रंगलं.

संध्याकाळी मी जोगसाहेबांना फोन केला.

"कसं काय?"

"पाऊस आहे साहेब."

"इथेही आहे," ते म्हणाले. "मग तिकिटं काढून पाऊसच बघायला गेलात काय?" आणि फोन ठेवला. मला खरंच रडू येत होतं. हॉलिडे डेस्क माझ्या डोळ्यांदेखत वाहून चाललं होतं.

एवढ्यात सुमनकाकू ओले टॉवेल घेऊन माझ्या खोलीशी आल्या.

"मेधा, हे वाळत कुठे घालू गो? दोरी नाही कुठे."

"काकू, ते हॉटेलवाले नेतात. नवे देतात."

"आणि हे उद्या परत भिजले तर?"

"तेही नेतात."

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. मग टॉवेल तिथेच खुर्चीवर ठेवून निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगरातल्या एका दरीत गेलो. खाली पाणी, वर धुकं, मधे गवतात भिजत उभे उंट. आणि जिकडेतिकडे अरब कुटुंबं चटया टाकून पावसात बसलेली. छत्री नाही, आडोसा नाही. पोरं नाचतायत, बायका थर्मासमधून चहा ओततायत. आमची मंडळी गाडीत काचा लावून बसली.

आणि काकू गाडीतून उतरल्या. सरळ चालत गेल्या आणि एका चटईच्या कडेला बसल्या. तिथल्या बाईने काही न विचारता त्यांच्या हातात चहाचा पेला दिला.

भाऊ धावले. मागून मी.

"अगो, भिजतेस काय? उठ!"

"नाही उठत."

"आजारी पडशील!"

"पडू दे. इथे पडले तर काढा दुसरं कुणीतरी करील."

काकूंनी चहाचा घोट घेतला आणि समोर बघत म्हणाल्या, "चाळीस पावसाळे काढले तुमच्या घरी. पाऊस कधी बघितला नाही. लाकडं झाकली, गळतीखाली पातेली ठेवली, तुमची धोतरं चुलीवर धरून वाळवली. पाऊस नुसता निस्तरला मी. आज बघत्ये. बघू दे मला."

भाऊ गुडघे धरत, कण्हत त्यांच्या शेजारी बसले, उन्हाळी टोपीसकट. त्या अरब बाईने त्यांनाही पेला दिला. हळूहळू गाडीतल्या बाकीच्या बायका उतरल्या. त्यांचे नवरे सगळ्यात शेवटी.

त्यानंतर माझ्याकडे एकच तक्रार आली. परतीचं विमान लवकर आहे, ही. तक्रार करणाऱ्या काकू होत्या.

रत्नागिरीत फोटो धुऊन आले. भाऊंनी साडूंना मुद्दाम घरी बोलावून अल्बम दाखवला. नारळी, समुद्र, धुकं, पाऊस आणि मधे उंटाशेजारी भाऊ. साडूंनी फोटो लांब धरला, जवळ धरला.

"भाऊ," ते म्हणाले, "भाट्याला उंट कधी आला रे?"

हे मला काकूंनीच हसून हसून सांगितलं. साडूंना ओमानचा शिक्का दाखवण्यासाठी भाऊ पुढे कित्येक दिवस पासपोर्ट खिशात घेऊन फिरत होते.

जोगसाहेबांनी हॉलिडे डेस्क मला दिलं. खिडकीजवळचं टेबल होतं आणि ती खिडकी गळत होती.

पुढच्या वर्षी आंबा आटपल्यावर काकू एकट्याच ऑफिसात आल्या. मी मोठ्या हुशारीने ब्रोशरं पसरली. "काकू, यंदा तुम्हाला अगदी कोरडं ठिकाण दाखवते. पावसाचं नाव नाही."

"कोरडं कशाला?" काकू म्हणाल्या. "ओलं चालेल, कोरडं चालेल. तिथे दोरी नको, म्हणजे झालं."

माणसाला कुठे जायचंय, हे सगळेच एजंट विचारतात. तिथे गेल्यावर काय करायचं नाहीये, हे मी तेव्हापासून विचारायला लागले. आणि हा प्रश्न बायकोला विचारते, नवऱ्याला चहा आणायला पाठवून.